देवाचे घर आणि लोकांची सभा

श्रोतेहो, बीडच्या माणसाला कंकालेश्वर दाखवून द्यावा लागत नाही. महाशिवरात्रीला आम्ही सगळेच तेथे जातो. कुंडाच्या मधोमध उभ्या असलेल्या त्या काळ्या मंदिरात शिरतो, मंडपातून वाकून गाभाऱ्याकडे जातो, अंधारात हात जोडतो आणि पुन्हा उन्हात येतो. येताना भिंतीकडे वर मान करून पाहणारे थोडेच. जे रोजचे आहे ते पाहावयाचे राहून जाते, हा आपला सर्वांचाच अनुभव आहे.

काही महिन्यांपूर्वी आमच्याबरोबर तेथे एक विद्यार्थी होता. स्थापत्य अभियांत्रिकी शिकणारा, हुशार आणि थोडा फटकळ. सगळे मंदिर हिंडून झाल्यावर तो म्हणाला, "तुम्ही याचे इतके कौतुक करता, पण त्याच शतकांत युरोपात चौदा-चौदा मजले उंचीची चर्चे बांधली जात होती. आत हजारो माणसे मावत होती. आणि आपले कारागीर खांबावर तुळई आणि तुळईवर शिळा ठेवीत बसले. यांना कमान येत नव्हती का?" प्रश्न उर्मटपणाचा वाटला तरी तो खोटा नव्हता. त्याला देशाभिमानाने उत्तर देता येईल, पण ते उत्तर त्याला पटणार नाही आणि आम्हांलाही पटणार नाही. म्हणून आजच्या व्याख्यानासाठी आम्ही तोच प्रश्न घेतला आहे. एकाच काळात दोन भूभागांत दगडाचे दोन प्रपंच उभे राहिले. एकाला जग गॉथिक म्हणते, दुसऱ्याला आपण हेमाडपंती म्हणतो. ते एकमेकांपासून इतके वेगळे का झाले, हे पाहावयाचे आहे.

आरंभीच एक गंमत सांगून टाकू. ही दोन्ही नावे चुकीची आहेत. गॉथ नावाच्या ज्या टोळ्यांनी रोमचे साम्राज्य पोखरले, त्यांचा या चर्चांशी काही संबंध नाही. त्या टोळ्या इतिहासातून नाहीशा झाल्यावर कित्येक शतकांनी ही चर्चे उभी राहिली. पुढे सोळाव्या शतकात इटलीतील पंडितांना पुन्हा जुन्या रोमन शैलीचे वेड लागले, तेव्हा मधल्या काळाची बांधणी त्यांना रानटी वाटू लागली आणि त्यांनी रानटी या अर्थाने तिला गॉथांच्या नावे घातले. शिवी होती, ती पुढे पदवी झाली. आपल्याकडे उलटा प्रकार झाला. हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, हा देवगिरीच्या महादेव यादवाचा (१२६१ ते १२७१) आणि त्यामागून रामदेवरावाचा मंत्री. मोठा विद्वान, 'चतुर्वर्गचिंतामणी' या ग्रंथाचा कर्ता. लोकांनी कौतुकाने चुन्याशिवाय रचलेले प्रत्येक देऊळ त्याच्या पदरात टाकले. परंतु कल्याणजवळच्या अंबरनाथाच्या देवळात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा लेख आहे. हेमाद्री सत्तेवर येण्याच्या दोनशे वर्षे आधीचा! आणि आपल्या जिल्ह्यात आंबेजोगाईचे शिलालेख शके ११५० आणि शके ११६२ चे, म्हणजे १२२८ आणि १२४० चे आहेत. तेही महादेव यादवाच्या राज्यारोहणापूर्वीचे. तेव्हा ही पद्धत हेमाडपंताने काढली नाही. तो जन्मला तेव्हा ती चांगली वयात आलेली होती. सोयीसाठी नाव वापरावे, पण ते नाव म्हणजे इतिहास असे समजू नये.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. देऊळ असो, चर्च असो वा आपले माळवद असो, बांधणाऱ्याची खरी परीक्षा भिंतीत नसते, छपरात असते. भिंत कोणीही रचील. दोन भिंतींमधली पोकळी झाकावयाची कशी, येथे अक्कल लागते. लाकूड वाकते पण तुटत नाही, म्हणून लांब तुळई लाकडाची करता येते. मात्र ते जळते आणि त्याला वाळवी लागते. दगड जळत नाही, पण त्याचा स्वभाव निराळा आहे. त्याच्यावर कितीही ओझे ठेवा, तो दाब सोसतो. ताण मात्र त्याला सोसत नाही. दोन टोकांवर आडवी ठेवलेली लांब शिळा मधोमध, खालच्या बाजूने तडकते. म्हणून दगडी तुळईखाली खांब जवळ जवळ द्यावे लागतात. आपल्या जुन्या देवळांच्या मंडपात खांबांची दाटी दिसते, ती हौस नव्हे; तो दगडाच्या स्वभावाला दिलेला मान आहे.

यातून सुटण्याचे दोन मार्ग माणसाने शोधले. पहिला असा की प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा पुढे काढावयाचा आणि चारी बाजूंनी असे पुढे सरकत वरचे तोंड मिटवून टाकावयाचे. दुसरा मार्ग कमानीचा. पाचरीसारखे घडलेले दगड अर्धवर्तुळात बसवावयाचे आणि माथ्यावर कळीचा दगड ठोकावयाचा. मग प्रत्येक दगड शेजारच्याला रेटतो, कोणीच खाली पडत नाही. मात्र कमान जे ओझे पेलते ते ती फुकट पेलत नाही. ती दोन्ही पायांना बाहेरच्या बाजूस सतत लोटत असते. तो रेटा अडविण्यास कोणी नसेल तर पाय फाकतात आणि सगळा डोलारा खाली येतो. युरोपातील चर्चवास्तूचा हजार वर्षांचा इतिहास म्हणजे या रेट्याशी चाललेली झटापट होय.

गमतीची गोष्ट ही की दोन्हीकडची सुरुवात पुष्कळशी सारखी दिसते. सम्राट कॉन्स्टंटाइनने ३१३ साली ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिली, तेव्हा ख्रिस्ती लोकांना मोठ्या जागेची गरज पडली. रोमन देवळे त्यांच्या उपयोगाची नव्हती, कारण तीही आपल्या देवळांसारखी देवाच्या मूर्तीचे घर होती. लोक बाहेर उभे राहत. म्हणून त्यांनी नमुना उचलला तो न्यायदानाच्या आणि व्यापाराच्या सार्वजनिक सभागृहाचा. त्याला बॅसिलिका म्हणत. मधे रुंद लांबट दालन, दोन्ही अंगांना खांबांच्या रांगांपलीकडे अरुंद पडव्या, टोकाला अर्धगोल भिंत आणि वर लाकडी छप्पर. जेथे न्यायाधीश बसे तेथे आता वेदी आली.

हे वर्णन ऐकून ज्यांनी कार्ले पाहिले आहे त्यांना ओळखीचे काही भेटल्यासारखे वाटेल. तेथील चैत्यगृहही असेच आहे. मधले दालन, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, टोक अर्धगोल आणि तेथे स्तूप. लांबी सुमारे १२४ फूट, रुंदी आणि उंची ४५ फुटांच्या आसपास. फर्ग्युसन या स्कॉटिश अभ्यासकाला हे पाहून आपल्याकडच्या चर्चची आठवण झाली आणि त्याने तशी तुलनाही केली. पण कार्ले ख्रिस्ताच्या पहिल्या शतकाच्या सुमाराचे. कॉन्स्टंटाइनच्या पुष्कळ आधीचे. कोणी कोणाचे पाहून केले, असा वाद घालण्याचे कारण नाही. दोन्हीकडे गरज एकच होती. पुष्कळ माणसांनी एका छपराखाली जमावयाचे होते. भिक्षुसंघाला प्रदक्षिणा घालावयाची होती, ख्रिस्ती मंडळीला प्रार्थना करावयाची होती. सारख्या गरजेतून सारखा आकार निघाला. कार्ल्याला जाण्याची सवड नसेल तर आपल्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात तेरला जावे. तेथील त्रिविक्रमाचे देऊळ मुळात विटांनी बांधलेले, अर्धगोल पाठीचे चैत्यगृह आहे. संघ गेला, स्तूप गेला आणि आत त्रिविक्रम उभा राहिला. एकाच वास्तूत धर्म कसा बदलला आणि गरज कशी बदलली, हे इतक्या जवळून दुसरीकडे क्वचित पाहावयास मिळते.

गरज बदलली, या दोन शब्दांत आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. बौद्ध चैत्य ही सभा होती. त्यानंतर आलेले देऊळ हे देवाचे घर झाले. त्यातल्या मुख्य खोलीला आपण गर्भगृह म्हणतो, आणि ते नाव अर्थपूर्ण आहे. गर्भ अंधारात असतो. ती खोली लहान, चौरस, बिनखिडकीची. जाड भिंतींच्या पोटात दडलेली. तेथे जमाव जात नाही. पुजारी जातो, आणि एकेक भक्त उंबऱ्याशी येऊन दर्शन घेतो. मग मोठी पोकळी झाकण्याचा प्रश्नच कोठे येतो? आठ-दहा फुटांची चौकट झाकावयाला कमानीचा खटाटोप कशाला? प्रथम चार कोपऱ्यांवर तिरप्या शिळा टाकावयाच्या, म्हणजे चौकोनाचा अष्टकोन होतो. मग त्यावर थर पुढे काढीत जावयाचे आणि शेवटी एका कोरीव कमळाने तोंड मिटवावयाचे. कोणत्याही जुन्या मंडपात आडवे होऊन वर पाहा, हा सगळा हिशेब तुमच्या डोळ्यांपुढे उलगडतो.

आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला येथेच एक सरळ उत्तर देता येते. कमान भारतात अज्ञात नव्हती. कानपूरजवळ भितरगावच्या गुप्तकालीन विटांच्या देवळात खरी कमान आहे. म्हणजे पाचव्या शतकाच्या सुमारास ती येथल्या कारागिराला येत होती. तरीही मोठ्या परंपरेने ती उचलली नाही. माणसाला एखादी गोष्ट येत नाही आणि माणूस ती करीत नाही, या दोहोंत अंतर आहे. ज्याला ज्याची गरज नाही, तो ते वाढवीत नाही.

आपल्या जिल्ह्यात ही परंपरा पायरीपायरीने पाहता येते. आंबेजोगाईला, जिला निजामी अमदानीत मोमिनाबाद म्हणत, हत्तीखाना नावाने ओळखली जाणारी लेणी आहेत. अंगणात दगडी हत्ती आहेत म्हणून हे नाव. ती बांधलेली नव्हेत, कोरलेली आहेत. लेण्यात छपराचा प्रश्न मुळात उद्भवत नाही, कारण डोंगरच छप्पर असतो. खांब ठेवावयाचे ते सोडून द्यावयाचे, एवढेच. अखंड कातळातून मंडप मोकळा करण्याची ही विद्या वेरूळच्या कैलासात पराकोटीला पोहोचली होती. नंतर कारागीर डोंगरातून बाहेर आला आणि मोकळ्या माळावर दगडावर दगड रचू लागला. परळी तालुक्यातल्या धर्मापुरीचा केदारेश्वर पाहावा. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातल्या घडणीचे हे देऊळ. त्याच्या बाहेरच्या भिंतीवर सुरसुंदरी ओळीने उभ्या आहेत. त्यांच्या अंगावरचे दागिने, हातांतल्या वस्तू, कमरेची लचक हे सगळे काळ्या बेसॉल्टातून काढलेले आहे. हा दगड संगमरवरासारखा गोड नव्हे. छिन्नीला तो जबाब देतो. पॅरिसच्या आसपासचा चुनखडीचा दगड खाणीतून निघताना मऊ असतो, त्याची जाळी सहज कापता येते. आपल्या कारागिराला तसे भाग्य लाभले नाही. त्याने जे केले ते कातळाशी भांडून केले.

आणि मग आपला कंकालेश्वर. त्याचा तलविन्यास ताऱ्याच्या आकाराचा आहे. एक चौरस काढावा, त्याचे मध्य न हलवता तो थोडा थोडा फिरवीत जावा आणि बाहेर येणारी टोके जोडावीत, म्हणजे असा तारा मिळतो. त्यामुळे भिंत कोठेच सपाट राहत नाही. सकाळचे ऊन पडले की एक कोन उजळतो आणि शेजारचा सावलीत जातो. एका मंडपाला तीन गाभारे जोडलेले आहेत आणि भोवती पाणी. हे सगळे दगड चुन्यावाचून, खाचा आणि खुंट्या यांच्या आधाराने, मुख्यतः स्वतःच्या वजनाने बसलेले आहेत. प्रत्येक शिळा आपल्या जागी सरळ खाली दाब देते, बाजूला कोणाला रेटीत नाही. म्हणून अशा देवळाला बाहेरून धिरे द्यावे लागत नाहीत. ही इमारत कोणाशी झगडत नाही. ती बसलेली आहे. हा तिचा मोठा गुण आहे आणि तिची मर्यादाही तीच आहे.

इकडे हे चालले असताना युरोपात काय चालले होते? जुन्या बॅसिलिकांची लाकडी छपरे वारंवार जळत. वीज पडे, आग लागे, लढाया होत. म्हणून दहाव्या-अकराव्या शतकापासून त्यांनी लाकडाऐवजी दगडी कमानछत घालावयास सुरुवात केली. या पद्धतीला रोमनेस्क म्हणतात. कमान अर्धवर्तुळाकार, रोमन वळणाची. पण मघाशी सांगितलेला रेटा आडवा आला. लांबलचक दगडी कमानछत आपल्या भिंतींना सगळ्या लांबीभर बाहेर ढकलते. उपाय एकच सुचला. भिंती जाड करा आणि खिडक्या लहान ठेवा. त्यामुळे रोमनेस्क चर्च आत जरा काळोखे आणि गढीसारखे भक्कम दिसते. आपल्या माणसाला तेथे परके वाटणार नाही. अकराव्या शतकात अंबरनाथचे देऊळ आणि फ्रान्समधले एखादे मठाचे चर्च शेजारी शेजारी ठेवले असते, तर त्यांच्यात आजच्यापेक्षा पुष्कळ अधिक साम्य दिसले असते.

पुढची शंभर वर्षे निर्णायक ठरली. इंग्लंडात डरहॅमचे चर्च १०९३ साली सुरू झाले आणि तेथे छताला दगडी फासळ्या घालण्याची युक्ती आली. छत्रीला जशा काड्या असतात तशा या फासळ्या. आधी त्या उभ्या करावयाच्या आणि मधल्या जागा हलक्या दगडाने भरावयाच्या. त्यामुळे सगळा रेटा भिंतीभर न पसरता ठराविक ठिकाणी, खांबांच्या माथ्याशी गोळा होऊ लागला. दुसरी युक्ती टोकदार कमानीची. अर्धवर्तुळाची उंची त्याच्या रुंदीने बांधलेली असते. टोकदार कमान हवी तेवढी उंच करता येते आणि ती पायांना कमी लोटते. अशी कमान पूर्वेकडच्या मुसलमानी देशांत आधीपासून होती. तिसरी युक्ती उडत्या धिऱ्यांची. पडवीच्या छपरावरून अर्धकमान टाकून वरचा रेटा बाहेरच्या भक्कम खांबात उतरवावयाचा. या तिन्ही गोष्टी निरनिराळ्या पूर्वी कोठे ना कोठे होत्या. पॅरिसजवळ साँ-दनी येथे मठाधिपती सुजेर याने ११४० ते ११४४ या चार वर्षांत चर्चचा पूर्वेकडील भाग नव्याने बांधवून घेतला, तेव्हा फासळी आणि टोकदार कमान यांची सांगड पडली. उडते धिरे थोड्याच वर्षांत त्यांना येऊन मिळाले. भिंतीवरचे ओझे उतरले. ओझे नाही तर भिंत कशाला? तिच्या जागी त्यांनी रंगीत काच बसविली. सुजेरच्या मनात प्रकाश हे देवाचे रूप होते. त्याला चर्चमध्ये प्रकाश भरावयाचा होता. आमच्याकडे देव अंधारात प्रकटतो, त्यांच्याकडे तो उजेडात उतरतो. एवढ्या एका कल्पनेने दोन्हीकडच्या भिंती निराळ्या झाल्या.

मग जी धाव लागली ती विलक्षण होती. पॅरिसचे नोत्रदाम ११६३ मध्ये सुरू झाले. शार्त्रचे जुने चर्च ११९४ साली जळाले आणि त्याच जागी नवे उभे राहिले. रॅंसचे १२११ मध्ये, आमिअँचे १२२० मध्ये सुरू झाले. आमिअँचे छत जमिनीपासून सुमारे ४२ मीटर उंच आहे. आता या तारखांशेजारी आमच्या तारखा मांडा. आंबेजोगाईचा एक शिलालेख १२२८ चा. ज्या वर्षी आंब्याचा कारागीर लेखाची अक्षरे कोरीत होता, त्याच वर्षी आमिअँच्या पहाडावर मधल्या दालनाचे खांब वर चढत होते. दोघांना एकमेकांची वार्ताही नव्हती. दोघेही सूत आणि ओळंबाच वापरीत होते.

पण उंचीची किंमत असते. बोव्हे गावच्या मंडळींनी आमिअँवर ताण करावयाची ठरविली आणि आपले छत सुमारे ४८ मीटरांवर नेले. १२८४ साली ते कोसळले. पुन्हा बांधले, पण ते चर्च आजतागायत अपुरेच उभे आहे. आमचीही देवळे अजिंक्य होती असे नव्हे. आंबेजोगाईचे सकलेश्वराचे देऊळ, ज्याला लोक बाराखांबी म्हणतात, त्याचा मंडप उरला आणि शिखर नाहीसे झाले. राज्याच्या पुरातत्त्व खात्याने २०२४ साली त्या परिसरात उत्खनन केले तेव्हा दोन देवळांची जोती उघडी पडली आणि शिखराला वापरल्या असाव्यात अशा विटा मिळाल्या. त्या इतक्या हलक्या की पाण्यावर तरंगतात. तेलंगणातल्या पालमपेटच्या रामप्पा देवळातही अशाच विटा आहेत आणि ते १२१३ चे आहे. तेव्हा आमच्या कारागिराला ओझ्याचा विचार नव्हता, असे कोणी म्हणू नये. खालचा भाग जड कातळाचा, वरचा भाग हलक्या विटेचा. आमिअँच्या कारागिराने रेटा बाहेर नेला, आंब्याच्या कारागिराने वजनच कमी केले.

येथपर्यंत आम्ही बोललो ते दगडाविषयी. पण विद्यार्थ्याच्या प्रश्नात आणखी एक काटा होता. 'आत हजारो माणसे मावत होती', हे त्याचे शब्द आम्हांला दगडापेक्षा अधिक टोचले. कारण इमारत ही नुसती विद्या नसते. कोणी कोठे उभे राहावयाचे, हे ती ठरविते. गॉथिक चर्चमध्ये शेतकरी, विणकर, खाटीक असे सगळे एका छपराखाली आले. तेथेही समता नांदत होती असे मानण्याचे कारण नाही. पाद्री मंडळी आणि सामान्य लोक यांच्यामध्ये दगडी जाळीची भिंत असे, आणि ती उंच छपरे ज्यांच्या करांतून उभी राहिली त्यांच्या झोपड्या कशा होत्या हे कोणी लिहून ठेवले नाही. पण छप्पर एक होते. आमच्याकडे गाव जसजसा उतरंडीने खाली जाई, तसतसा माणूस गाभाऱ्यापासून दूर दूर उभा राही. कोणी अंतराळापर्यंत, कोणी मंडपापर्यंत, कोणी पायरीपर्यंत. आणि ज्यांना गावाने अस्पृश्य ठरविले होते त्यांची सावलीही आवारात पडू दिली जात नसे. ज्यांनी दगड फोडले आणि वाहिले, त्यांपैकी कित्येकांनी आपण वाहिलेल्या दगडाआडचा देव कधी पाहिला नसेल. कंकालेश्वराच्या सौंदर्याचे गुणगान करताना ही गोष्ट आम्ही गिळून टाकली, तर आमचे व्याख्यान अर्धवट राहील.

मग येथे सभा झालीच नाही काय? झाली, पण ती देवळाबाहेर झाली. मराठी भाषेचा आद्य कवी म्हणून ज्या मुकुंदराजाचे नाव घेतात, त्याची समाधी परंपरेने आंबेजोगाईलाच दाखविली जाते. जे ज्ञान संस्कृतच्या गाभाऱ्यात बंद होते, ते त्याने देशी भाषेत आणले. त्या शतकात आणि पुढच्या शतकात महानुभाव आणि वारकरी हे दोन्ही पंथ उभे राहिले, आणि त्यांची सभा भरली ती नदीच्या वाळवंटात, झाडाखाली, रस्त्याने चालताना. कीर्तनाला दगडी छप्पर लागत नाही. पुढे सोळाव्या शतकात याच आंबेजोगाईत दासोपंतांनी कागद अपुरा पडला म्हणून की काय, लांबलचक कापडावर आपली पासोडी लिहिली. युरोपातील माणसाने जे काचेत आणि कमानीत ओतले, ते आपल्या माणसाने शब्दांत आणि चालण्यात ओतले, असे म्हटल्यास ते अगदीच चूक होणार नाही. पण म्हणून देवळाचे दार बंद राहिले याचे समर्थन होत नाही. ते दार उघडावयाला नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर १९३० साली बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह करावा लागला, आणि पंढरपूरचे दार उघडावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना उपोषणास बसावे लागले. तेराव्या शतकातली एक रचना विसाव्या शतकातल्या माणसांना अशी भोगावी लागली.

आज दार कायद्याने उघडे आहे. आता आपल्यापुढे निराळे काम आहे. गावोगावी जीर्णोद्धाराची हौस आली आहे. आठशे वर्षांच्या कोरीव खांबाला तैलरंग फासतात, शिलालेखावर चुना चढवितात, जोत्यावर चकचकीत फरशी बसवितात आणि माथ्यावर सिमेंटचे शिखर ठेवतात. हेतू वाईट नसतो. पण चुन्यावाचून रचलेल्या भिंतीला श्वास घ्यावा लागतो. सांध्यांत सिमेंट भरले की आतले पाणी आतच राहते आणि दगड आतून सोलपटतो. शिवाय रंगाखाली गेलेले अक्षर परत वाचता येणे कठीण. आंबेजोगाईचे लेख वाचले गेले म्हणून तर आपणांस हेमाडपंताच्या नावाची चूक दुरुस्त करता आली. एखाद्या खेड्यातल्या देवळाच्या तुळईवर अजून कोणी न वाचलेली ओळ असेल. ती आपल्या हातच्या रंगाच्या डब्याने बुडू नये, एवढे तरी आपण पाहू शकतो.

शेवटी १२४० च्या त्या लेखाविषयी सांगून थांबतो. खोलेश्वर हा सिंघण यादवाचा सेनापती. आंबे हे त्याचे ठाणे. त्याचा मुलगा राम गुजराथच्या मोहिमेत नर्मदेकाठी मारला गेला. रामाची बहीण, खोलेश्वराची मुलगी लक्ष्मी, हिने आपल्या भावाच्या स्मरणासाठी आंब्याला विष्णूचे मंदिर बांधविले आणि त्याला भावाच्या नावावरून रामनारायण असे नाव दिले. पराक्रमाच्या याद्या आणि दानाची कलमे यांच्या मधे ही एवढी हकीकत लेखात आली आहे. आमिअँ मोठे की आंबे मोठे, या वादात आम्हांला आता फारशी गोडी उरलेली नाही. एका बहिणीला भाऊ गमावल्यावर दगडाचा आधार घ्यावासा वाटला, आणि तिच्या कारागिराने तो दगड असा बसविला की आठशे वर्षांनंतर आम्हांला ती आठवण वाचता येते. त्या विद्यार्थ्याला आम्ही हेच सांगितले, आणि पुढच्या सुटीत त्याला घेऊन आंबेजोगाईला जावयाचे ठरले आहे. तो ओळंबा आणि टेप घेऊन येणार आहे; खांबांमधली अंतरे त्याला स्वतः मोजावयाची आहेत. आमच्या श्रोत्यांपैकी ज्यांना सवड असेल त्यांनी अवश्य बरोबर यावे.